पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे

वाचकांचे प्रश्न, करसल्लागार ताईंची उत्तरं

या महिन्याच्या टपालात एकाच वळणाची पत्रं निघाली. कुणाला बेंगळुरूला जायचंय, कुणी लग्न होऊन म्हापशाला गेलीय, कुणाला म्हातारपणी घर बदलायचंय. प्रत्येकाला एकच विचारायचंय की कर कुठे कमी. माझं ऑफिस सावंतवाडीत, मोती तलावापासून चालत पाच मिनिटांवर. गोव्याची हद्द, म्हणजे पत्रादेवी, इथून अर्ध्या तासावर, आणि आंबोलीचा घाट चढून चंदगड ओलांडलं की कर्नाटक. तेहतीस वर्षं मी रिटर्नं भरतेय आणि त्यातली निम्मी माणसं तरी हद्दीच्या या ना त्या बाजूला काही ना काही ठेवून आहेत. म्हणून या वेळी हीच पत्रं घेते. आयकराचा हिशेब सगळीकडे नव्या करप्रणालीचा, २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी केलाय.

प्रश्न : ताई, मी पुण्यात आयटीत आहे, वय ३१. पगार वर्षाला १६ लाख. बेंगळुरूची ऑफर आहे, १५ टक्के वाढवून देतायत. मित्र म्हणतो, कर्नाटकात टॅक्स जास्त, वाढ सगळी त्यातच जाईल. २०२३ मध्ये पुण्यात घेतलेली पेट्रोल गाडी आहे, तीही न्यायची आहे. जाऊ का? – एक वाचक, पुणे

मित्राला म्हणावं, पगारावरचा आयकर दिल्लीचा असतो. पुण्यात बसून भरा नाहीतर बेंगळुरूत, दर तोच. १६ लाखांवर प्रमाणित वजावटीचे ७५ हजार गेले की तुमचा कर सेससकट १,१३,१०० होतो. १८ लाख ४० हजारांवर तो १,५९,१२० होईल. म्हणजे वाढले २ लाख ४० हजार, त्यातले ४६ हजार सरकारला. महिन्याला १६ हजार आणि वर थोडे तुमच्या हातात जास्त येतील. (पीएफ कंपनी कसा धरते त्यावर थोडं खालीवर.)

राज्याचा म्हणून पगारातून कापला जातो तो व्यवसाय कर. आपल्याकडे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. कर्नाटकात आधी २,४०० होते, एप्रिल २०२५ पासून त्यांनीही फेब्रुवारीत ३०० केले. आता दोघे सारखेच. याहून जास्त कुठलंच राज्य घेऊ शकत नाही, कारण राज्यघटनेतच या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातलीय आणि ती १९८८ पासून हललेली नाही. ३८ वर्षांत चहा कुठल्या कुठे गेला, व्यवसाय कर तिथेच उभा. आणि हो, नव्या करप्रणालीत या कराची वजावट मिळत नाही. रिटर्न भरताना शोधत बसू नका.

तर मित्र चुकला, पण अगदीच चुकला असंही नाही. तुमच्या गाडीच्या बाबतीत तो बरोबर आहे, फक्त त्याला ते ठाऊक नसावं.

महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर लागतो. तुमची गाडी समजा ९ लाखांची, म्हणजे तुम्ही ९९ हजार पंधरा वर्षांसाठी भरून मोकळे झाला आहात. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के, त्यावर पुन्हा उपकर. १० लाखांच्या वर गेलात की १७, २० च्या वर १८. देशातल्या महागड्या राज्यांपैकी ते एक. दुसऱ्या राज्यातली गाडी तिथे १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. नंबर घ्यायचा म्हणजे तिथला कर भरायचा. गाडी जुनी म्हणून तो वयाप्रमाणे कमी होतो, पण एकदम भरायचा. मग पुण्याच्या आरटीओकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा.

हा परतावा कागदावर फार सोपा दिसतो. माझ्या मुलाने हे केलंय. एमएच-०७ ची गाडी, ८ लाखांची, तीन वर्षांची. कर्नाटकात नोंदणीला लाखाच्या आसपास गेले. इकडचा परतावा आला सव्वा वर्षाने, तोही मी स्वतः चार हेलपाटे घातल्यावर. पहिल्या फेरीत म्हणाले, ना हरकत दाखल्याची प्रत नाही. दुसऱ्या फेरीत म्हणाले, तिकडच्या कराची पावती कन्नडमध्ये आहे. तिसऱ्या फेरीला साहेब रजेवर. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण गंमत बघा, तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे परतावे काढून देणारी बाई स्वतःच्या मुलाच्या परताव्यासाठी बाकावर बसून होती. तेव्हा एनओसी, कर भरल्याची पावती, नव्या आरसीची प्रत, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

यातून एक वाट आहे. बीएच, म्हणजे ‘भारत’ मालिकेचा नंबर. तुमच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा अधिक राज्यांत असतील तर कंपनीकडून तसा दाखला घेऊन ही मालिका मिळते. सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांना होती, डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने जुनी गाडीही तिच्यात बदलून घेता येते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. १० लाखांखालच्या पेट्रोल गाडीला दर ८ टक्के, आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. ज्याला दर तीन वर्षांनी शहर बदलायचंय त्याच्यासाठी हे उत्तम. ज्याला बेंगळुरूत घर करून राहायचंय, त्याने एकदाच कर भरून टाकलेला बरा.

आणि वर्षभरात परत यायची शक्यता असेल तर गाडी पुण्यातच आईबाबांकडे ठेवा. तिकडच्या वाहतुकीत तिला नेऊन करणार काय?

पेट्रोलचा फरक धरू नका, मुंबई आणि बेंगळुरूचा भाव २०२५ मध्ये रुपयाभराच्या अंतरात होता. वीजबिलात मात्र थोडं सुटेल. घरगुती बिलावर आपल्याकडे १६ टक्के वीज शुल्क, तिकडे ९. पण खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. तिथे घरभाडं किती, आणि डिपॉझिट किती महिन्यांचं? पुण्यात दोन-तीन महिन्यांत भागतं, बेंगळुरूत सहा-सहा, कधी दहा महिन्यांचं मागतात. महिन्याचे १६ हजार तिथे टिकले तर जा. कराचं कारण सांगून थांबू नका.

प्रश्न : ताई, माझं माहेर कुडाळचं, २०१६ साली लग्न होऊन म्हापशाला आले. लग्न इथल्या रजिस्ट्रारकडे नोंदवलं. मी शाळेत शिक्षिका, पगार वर्षाला ६ लाख. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. आजवर माझं रिटर्न मीच भरत होते. यंदा त्यांच्या सीएने माझ्या रिटर्नमध्ये दुकानाच्या १८ लाख नफ्यातले ९ लाख दाखवले आणि मला सही करायला सांगितली. मी आयुष्यात गल्ल्यावर बसलेले नाही. भाऊ म्हणतो, सही करू नकोस, हा बेनामी प्रकार आहे, उद्या तू अडकशील. काय करू? – एक वाचक, म्हापसा

बाय, सही कर. तुझा सीए बरोबर आहे, आणि भाऊसुद्धा त्याच्या जागी बरोबर आहे. फक्त त्याची जागा कुडाळ आहे.

(एकेरी लिहिलं, रागावू नकोस. कुडाळची म्हटल्यावर माझ्याच्याने अहो-जाहो होत नाही.)

गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, त्यांचा दिवाणी कायदा मात्र राहिला. १९६२ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने तो चालू ठेवला. त्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप सामाईक होते. जे आहे आणि जे पुढे मिळेल त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. म्हणूनच तिथे नवऱ्याला जमीन विकायची तर बायकोची सही लागते. तू रजिस्ट्रारकडे पहिली सही केलीस तेव्हा कुणी हे समजावून सांगितलं नसणार. सांगत नाहीत. सगळ्यांचं लक्ष हॉल आणि जेवणावर.

आता मालमत्ता निम्मी, तर तिचं उत्पन्न कुणाचं? यावर आयकर खात्याशी बरीच वर्षं वाद चालले. शेवटी १९९४ मध्ये १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ घातलं गेलं आणि ते मागे नेऊन १ एप्रिल १९६३ पासून लागू केलं. गोव्याबरोबर दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीलाही ते आहे. ते म्हणतं : त्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याखालच्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंदा, घरभाडं, व्याज, भांडवली नफा, दोघांत समान वाटायचं आणि प्रत्येकाने आपल्या रिटर्नमध्ये निम्मं दाखवायचं. पगार ज्याचा त्याचा. यात तुझी मर्जी, नवऱ्याची मर्जी, दुकानात कोण बसतं, हे काही येत नाही. लग्नाआधी विभक्त मालमत्तेचा करार केलेला नसेल तर वाटणी करावीच लागते.

हेच कुडाळात केलं असतं तर? तिथे नवऱ्याने बायकोच्या नावे पैसे ठेवून त्याचं व्याज तिचं दाखवलं, तर खातं ते उचलून परत नवऱ्याच्या उत्पन्नात टाकतं. तसे नियमच आहेत. बायकोला दुकानात नुसती नावाला पगारावर दाखवली, तर तोही पगार नवऱ्याच्याच डोक्यावर येतो. हद्दीच्या अलीकडे बांद्याला जे केलं तर नोटीस येते, ते पत्रादेवीपलीकडे नाही केलं तर येते. मधे सहा-सात किलोमीटर. म्हणून तुझ्या भावाला दोष नको देऊस. त्याच्या गावात तो बोलला ते शंभर टक्के खरं.

आता आकडे बघ, कारण तुझ्या पत्रात भीती आहे ती बेनामीची, आणि मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

वाटणी न करता : नवऱ्याचे १८ लाख, त्यावर कर सेससकट १,६६,४००. तुझे पगाराचे ६ लाख, ७५ हजार वजा जाता ५ लाख २५ हजार, कर शून्य. घराचा एकूण १,६६,४००.

वाटणी करून : नवऱ्याचे ९ लाख. १२ लाखांच्या आत आहेत म्हणून सवलतीने कर शून्य. तुझे ५ लाख २५ हजार अधिक ९ लाख, मिळून १४ लाख २५ हजार, कर ९७,५००.

घराचे ६८,९०० वाचले. पण कालपर्यंत ज्या बाईचा कर शून्य होता, तिच्या नावावर साडेसत्त्याण्णव हजार आले, आणि ज्याचं दुकान आहे त्याला एक पैसा नाही. सीएने तुला हे सांगितलं का? माझ्या अंदाजाने नाही. तो घराकडे बघतो, आणि घराचा हिशेब नफ्याचाच आहे.

म्हणून सही करताना नवऱ्याला एवढं सांग की हे साडेसत्त्याण्णव हजार माझ्या पगारातून जाणार नाहीत, दुकानातून माझ्या खात्यात यायला हवेत. आणि तेवढ्यावरही थांबू नकोस. रिटर्नमध्ये तू ९ लाखांची मालकीण आहेस. ते ९ लाख कायद्याने खरोखर तुझे आहेत, नुसते कागदावर नाहीत. दुकानाचा ताळेबंद दरवर्षी बघायला माग. कर सगळा तू भरतेस आणि चोपडी मात्र बघायची नाही, असं कोण सांगतो? माझ्याकडे डिचोलीची एक बाई येते, तिने बारा वर्षं नुसत्या सह्या केल्या. नवरा गेल्यावर दुकानावर किती कर्ज होतं ते तिला बँकेकडून कळलं.

आता कारकुनी. तुझं नेहमीचं ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ आता चालणार नाही, कलम ५अ ची वाटणी असली की ते बाद. नवऱ्याच्या रिटर्नमध्ये ५अ चं एक परिशिष्ट असतं, त्यात तुझा पॅन आणि वाटणीचे आकडे भरायचे, आणि तुझ्या रिटर्नमधले आकडे त्याच्याशी रुपयापर्यंत जुळायला हवेत. नवऱ्याच्या ठेवींवर बँकेने टीडीएस कापला असेल तर व्याज निम्मं तुझ्याकडे आलं तसा टीडीएसही निम्मा तुझ्याकडे घ्यायचा. इथेच हमखास गडबड होते. व्याज वाटतात, टीडीएस वाटायला विसरतात, मग दोघांनाही पत्र येतं. तुझ्या स्वतःच्या ठेवींचं व्याजही निम्मं नवऱ्याकडे जाईल, तेही विसरू नकोस. आणि तू आजवर स्वतःपुरतं रिटर्न भरलंस, ती मागची वर्षं सीएला दाखव. सुधारित किंवा अद्ययावत रिटर्न भरून जेवढी दुरुस्त होतील तेवढी करून घ्या. सीएने यंदा पहिल्यांदा विचारलं म्हणजे मागे कुणीतरी ढिलाई केलीय.

हे उत्तर छापून आल्यावर मला फोन येणार आहेत, म्हणून आधीच सांगते. सावंतवाडीतल्या एका व्यापारी मित्राने हा हिशेब ऐकला आणि विचारलं, “मग मी पर्वरीत फ्लॅट भाड्याने घेतो. बायकोला निम्मा धंदा दाखवतो. २० लाखांवरचे दोन लाख आठ हजार वाचतील!” आकडा त्याने बरोबर काढला, १०-१० लाख वाटले तर दोघांचा कर खरंच शून्य. पण फ्लॅटने कुणी गोंयकार होत नाही. हा कायदा भाड्याच्या पावतीला लागत नाही, ज्यांचं लग्न आणि मालमत्ता त्या दिवाणी कायद्याखाली येते त्यांनाच लागतो. सावंतवाडीत लग्न करून वीस वर्षं संसार केलेल्या माणसाने हद्द ओलांडली म्हणून त्याचं लग्न पोर्तुगीज होत नाही. शिवाय मी त्याला विचारलं, समज झालंच, तर निम्मी मालमत्ता खरंच बायकोच्या नावे जाईल, चालेल? त्यावर त्याने चहा मागवला.

प्रश्न : मी ६८, पती ७१. दोघेही निवृत्त. डोंबिवलीतला फ्लॅट विकून ८० लाखांपर्यंत नवा घ्यायचा आहे. मुलगी पुण्यात, मुलगा बेंगळुरूत. मुलगा म्हणतो, तिकडे स्टॅम्प ड्युटी कमी, इकडेच या. खरं आहे का? – एक वाचक, डोंबिवली

मुलाने अर्धीच पाटी वाचलीय, ताई.

पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं. मूळ ५, त्यावर स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. ८० लाखांवर ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३० हजारांची मर्यादा आहे, तेव्हा ३० हजार. एकूण ५ लाख ९० हजार.

बेंगळुरूत ४५ लाखांच्या वर मुद्रांक ५ टक्के. मुलगा इथे थांबला. त्यावर उपकर आणि अधिभार धरून ते ५.६ होतं, म्हणजे ४ लाख ४८ हजार. मग नोंदणी फी. ३१ ऑगस्ट २०२५ पासून ती १ वरून २ टक्के केली, आणि तिला आपल्यासारखं झाकण नाही. १ लाख ६० हजार. एकूण ६ लाख ८ हजार. म्हणजे पुणेच १८ हजारांनी स्वस्त.

पुण्यात फक्त तुमच्या नावावर घेतलं तर महिला म्हणून १ टक्का सवलत, ८० हजार वाचतील. पण अट अशी की खरेदीखतात बायकांचीच नावं हवीत. पतींचं नाव जोडलं की सवलत गेली. आधी अशी जागा पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे आता भीती नाही. तरीही तुमच्या वयात मी ८० हजारांसाठी एकाचंच नाव लावायचा सल्ला सरसकट देणार नाही. दोघांची नावं असली की एकाच्या मागे दुसऱ्याची धावपळ बरीच कमी होते. एकट्याच्या नावावर घेतलंत तर त्याच आठवड्यात मृत्युपत्र करून नोंदवा. खरेदीच्या धामधुमीत ते राहूनच जातं.

डोंबिवलीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर केंद्राचा. नवं घर विकण्याआधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलंत तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सूट, मग घर पुण्यात असो की बेंगळुरूत. पेन्शनवरचा आयकरही दोन्हीकडे तोच.

पुण्यात घेतलंत तर घरपट्टीत स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत असते, पण ती मागावी लागते. पीटी-३ नावाचा अर्ज आहे. पहिल्या बिलाआधी भरा. आमच्या एका नातेवाइकांनी दोन वर्षं पूर्ण घरपट्टी भरली आणि मग मला विचारलं, “पुण्याची घरपट्टी एवढी का गो?”

कर दोन्हीकडे उन्नीस-बीस आहे. तेव्हा गुडघे दुखल्यावर रिक्षावाल्याशी कुठल्या भाषेत बोलता येईल, ते बघून ठरवा.

प्रश्न : माझा पगार २४ हजार, कोल्हापूरच्या एका शोरूममध्ये नोकरी. दर महिन्याला २०० रुपये ‘पीटी’ म्हणून कापतात. मैत्रिणीचे कापत नाहीत. – एक वाचक, कोल्हापूर

तुमचे कापायला नकोत. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर शून्य आहे. शोरूमच्या संगणकात तुमच्या नावापुढे ‘पुरुष’ राहिलं असेल, किंवा जुना तक्ता चालू असेल. पुरुषांना १० हजारांच्या वर गेले की २०० लागतातच, म्हणून गोंधळ होतो. पगारपत्रकं घेऊन हिशेबनिसाकडे जा, चुकून कापलेले परत मागा. आणि पगार २५ हजारांच्या वर जाईल तेव्हा मात्र २०० कापले म्हणून भांडू नका.

प्रश्न : मी सावंतवाडीचा. दोन शंका. पेट्रोल गोव्यात भरलं तर किती वाचतं? आणि नवी कार म्हापशाच्या मित्राच्या पत्त्यावर घेतली तर टॅक्स कमी बसेल ना? – एक वाचक, सावंतवाडी

शेजारीच निघालात. दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देते : नको. तुम्ही राहता इथे, गाडी उभी राहणार इथे, म्हणजे वर्षभरानंतर इथला कर लागणारच. आमच्या आळीत एकाने जीए-०३ चा नंबर चार वर्षं मिरवला. एका संध्याकाळी झारापजवळ पथकाने थांबवलं, वीजबिलाचा पत्ता विचारला. इथला कर भरला, दंड भरला, वर मित्राशी बोलणं बंद झालं, कारण पत्ता त्याचा होता. अपघात झाला असता तर विमा कंपनीनेही तोच पत्ता धरून प्रश्न विचारले असते.

पेट्रोलचं सांगते. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि साबणापासून सिमेंटपर्यंत सगळं देशभर एका दरात बसलं. पेट्रोल आणि दारू मात्र बाहेर राहिली, त्यामुळे आपल्या हद्दीवरची गंमत शिल्लक आहे. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. गोव्यात त्याहून कमी. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ च्या वर होतं, पणजीत ९६-९७. सात रुपये धरा.

स्कूटरच्या टाकीत पाच लिटर मावतं. वाचले ३५. पत्रादेवीला जाऊन यायला तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे पाऊण लिटर, पाऊणशे रुपये. तुम्ही ३५ वाचवायला ७५ जाळता आणि परत येताना बांद्याला भजी खाता ती वेगळी. कामाला रोज म्हापशाला जाणारा तिकडेच टाकी भरतो तो शहाणा. मुद्दाम जाणारा नव्हे.

अपवाद एकदाच झाला. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि लिटरमागे ११ रुपये उतरले. तेव्हा सावंतवाडीतून गाड्यांची रांग लागली होती. आमचे हे कारमध्ये ३५ लिटर भरून आले आणि दारातूनच ओरडले, “तीनशे पंच्याऐंशी!” मी जाण्यायेण्याचं पेट्रोल वजा करायला पेन घेतलं, तर म्हणाले, “तू नको गो काढू हिशेब.”